पाऊस वरच्या डोंगरात, लोंढा खाली: वळवाचा अंदाज कसा वाचायचा आणि ओढ्यापासून लांब कधी व्हायचं

एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत घाटमाथ्यावर आणि देशावर जो पाऊस पडतो, त्याची वेळ बहुतेक ठरलेली असते. जागा मात्र ठरलेली नसते. सकाळी रणरणतं ऊन, दुपारी जीव नकोसा करणारा उकाडा, चारच्या सुमारास क्षितिजावर काळंकुट्ट, साडेपाचला धुळीचा लोट आणि सहाला गारा. एका पेठेत झाडं उन्मळून पडतात आणि तिथून तीन किलोमीटरवर अंगणसुद्धा भिजत नाही. वर्तमानपत्रं याला सरसकट ‘अवकाळी’ म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पडला तर तो खरंच अवकाळी. मे महिन्यातला मात्र वळीव, आणि त्याची वाट पाहणारेही पुष्कळ असतात.

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी आणि नुकतेच डोंगरात जाऊ लागलेल्यांसाठी ही माहिती आहे. नवा माणूस दोन चुका हमखास करतो. जिल्ह्याचा अंदाज तो आपल्या गल्लीचा अंदाज समजतो. आणि ओढ्याला पाणी येणार का, हे तो स्वतःच्या डोक्यावरच्या आभाळाकडे पाहून ठरवतो. दुसरी चूक जिवावर बेतते, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

पहिलं काम: आपला ओढा ओळखा

हे कोरड्या दिवसात, घरी बसून करायचं काम आहे. अर्धा तास पुरतो.

मोबाइलवरच्या नकाशात उंचसखलपणा दाखवणारा ‘टेरेन’ थर चालू करा. घर, कचेरी, मुलांची शाळा आणि रोजचा रस्ता यांच्या आसपासची प्रत्येक निळी रेघ शोधा. शहरात ही रेघ मध्येच गायब होते, कारण ओढा स्लॅबखाली किंवा पाइपात गेलेला असतो. तिथे उताराचा अंदाज घेऊन पुढचा तुकडा शोधा. मग रेघेवर बोट ठेवून उलट्या दिशेने, चढाकडे जात राहा. जिथे डोंगराची धार लागते, तिथपर्यंतचा सगळा उतार त्या ओढ्याचा पाणलोट. त्या उतारावर पडलेला पाऊस तुमच्या दारावरून जाणार आहे, मग तुमच्याकडे चांदणं का पडलेलं असेना.

पुण्याचा आंबील ओढा हे याचं ठळक उदाहरण. कात्रजच्या डोंगराकडून तो निघतो, पद्मावती-सहकारनगरच्या दाट वस्तीतून वाट काढतो आणि मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज परिसरात काही तासांत तुफान पाऊस झाला आणि ओढ्याकाठच्या सोसायट्यांत, वस्त्यांत पाणी शिरलं. त्या रात्री पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. तो परतीच्या दिवसांतला पाऊस होता, पण जात वळवाचीच: उभे वाढणारे ढग, थोड्या जागेवर, थोड्या वेळात, संध्याकाळनंतर.

पाणी किती येतं याचा हिशेब एकदा करून पाहावा, म्हणजे ओढ्याबद्दलचा समज बदलतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाणलोट १० चौरस किलोमीटर आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस धरा, म्हणजे ५० कोटी लिटर. यातलं निम्मं जमिनीत मुरलं किंवा वाटेत अडलं असं मानलं, तरी उरलेलं २५ कोटी लिटर तासाभरात वाहून जायचं असेल तर दर सेकंदाला सुमारे ७० हजार लिटर. दहा हजार लिटरचे सात टँकर, दर सेकंदाला. एरवी हा ओढा एका उडीत ओलांडता येतो.

निम्मं मुरेल हा अंदाजही उदार आहे. उन्हाने तापून कडक झालेली जमीन, उघडा कातळ, डांबर आणि सिमेंट यांवर पहिल्या जोरदार सरीचं पाणी फारसं मुरत नाही. त्यात वर्षभराचा कचरा, पालापाचोळा आणि राडारोडा मोऱ्यांच्या तोंडाशी अडकून बसलेला असतो. जूनच्या आधी नालेसफाई पूर्ण झालेली नसते आणि वळीव तिच्यासाठी थांबत नाही. म्हणून मेमधला ४० मिलिमीटर पाऊस ऑगस्टमधल्या तेवढ्याच पावसापेक्षा कधीकधी जास्त गोंधळ घालतो.

एक निरीक्षण प्रत्यक्ष जाऊन करा. ओढ्यावरच्या मोरीशी थांबून आजूबाजूच्या झाडांच्या फांद्या, कुंपणाच्या तारा, पुलाचे कठडे पाहा. गवताच्या जुड्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या किती उंचीवर अडकल्यात? तिथवर पाणी येऊन गेलं आहे. कोणत्याही नकाशापेक्षा ही खूण खरी.

सकाळी: एका ओळीतली माहिती सोडवून घ्या

भारतीय हवामान विभागाचा जिल्हावार इशारा विभागाच्या संकेतस्थळावर आणि ‘मौसम’ या अ‍ॅपवर मिळतो. मे महिन्यात साधारण अशी ओळ दिसते: ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह वादळी वारे, वेग ताशी ४० ते ५० किलोमीटर, हलका ते मध्यम पाऊस, यलो अलर्ट.’ बहुतेक जण रंग तेवढा बघतात आणि पुढे जातात. ही ओळ तुकड्या-तुकड्याने वाचायची असते.

‘तुरळक ठिकाणी’ हा मोघम शब्द नाही, त्याला माप आहे. जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के ठिकाणी पाऊस, असा त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ आणि त्याच्या वर ‘बहुतांश ठिकाणी’. तेव्हा ‘तुरळक’ असताना तुमच्याकडे थेंबही पडला नाही, तरी अंदाज चुकला असं होत नाही. तो पाऊस पंधरा किलोमीटरवर पडला असेल, कदाचित नेमका तुमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला.

‘हलका ते मध्यम’ हा या ओळीतला सगळ्यात फसवा भाग. पावसाची ही वर्गवारी २४ तासांच्या बेरजेवर चालते, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. १५.६ ते ६४.४ मिलिमीटर म्हणजे मध्यम, ६४.५ पासून ११५.५ पर्यंत मुसळधार, २०४.४ पर्यंत अति मुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. आता वळवाची एक सर ४० मिनिटांत ४५ मिलिमीटर देऊन गेली आणि नंतर रात्रभर आभाळ निरभ्र राहिलं, तर कागदावर तो ‘मध्यम’ पाऊसच. ओढ्याला मात्र २४ तासांचं काही देणंघेणं नसतं, त्याला ती ४० मिनिटं पुरतात. म्हणून मेमध्ये ‘मध्यम’ वाचून निर्धास्त होऊ नका. ‘विजांच्या कडकडाटासह’ हे शब्द आहेत का, ते बघा. ते असतील तर उभे वाढणारे ढग अपेक्षित आहेत, आणि कमी वेळात जास्त पाणी ओतणं हाच त्या ढगांचा स्वभाव.

वाऱ्याचा आकडाही मनावर घ्या. ताशी ४० च्या वर सुटे पत्रे, कुंड्या, कमकुवत फांद्या यांची काळजी करावी लागते. ६० च्या पुढे मोठी झाडं आणि जाहिरातींचे फलक. १३ मे २०२४ ला घाटकोपरमध्ये पेट्रोल पंपावर कोसळलेला तो अजस्र फलक अशाच एका दुपारच्या वादळात पडला होता. त्याखाली सतरा जण गेले.

राहिला रंग. हिरवा: काही करायचं नाही. यलो: लक्ष ठेवा. ऑरेंज: तयारीत राहा. रेड: कृती करा. रंग ठरवताना तीव्रतेबरोबर तसं घडण्याची शक्यता आणि परिणामही धरलेला असतो, त्यामुळे ‘यलो म्हणजे कमी पाऊस’ हे समीकरण चुकीचं आहे. वळवाच्या दिवसांत बहुतेक इशारे यलोच असतात, आणि बरेचसे अपघातही यलोच्या दिवशीच होणार हे ओघानं आलं.

दुपारी बारानंतर: नाऊकास्ट आणि रडार

सकाळच्या अंदाजाचं काम तयारीपुरतं. छत्री घ्यावी का, गाडी झाडाखाली लावावी का, ट्रेक दुपारी एकच्या आत उरकावा का, एवढं त्यावरून ठरतं. निघायचं की थांबायचं हे दुपारनंतर ठरतं आणि त्यासाठी साधनं वेगळी.

पहिलं नाऊकास्ट. पुढच्या तीन तासांचा, जिल्ह्यानुसार आणि ठिकाणानुसार दिलेला इशारा. साधारण दर तीन तासांनी नवा येतो. त्यावरची वेळ आधी वाचा. दुपारी एकला दिलेला इशारा साडेचारला कुणीतरी गटावर ‘आत्ताच आला’ म्हणून टाकतं; तोवर त्याची मुदत संपलेली असते. पुढे पाठवलेल्या चित्रावर विसंबू नका, मूळ ठिकाणीच पाहा.

दुसरं रडार. ते वाचणं वाटतं तितकं अवघड नाही, फक्त हा क्रम पाळा.

१. विभागाच्या संकेतस्थळावर रडारच्या पानावर जाऊन जवळचं केंद्र निवडा. मुंबई, नागपूर, पणजी ही आपल्याकडची नेहमीची. चित्रांच्या प्रकारांतून ‘मॅक्स झेड’ उघडा.

२. चित्रावरची वेळ पाहा. ती बहुतेकदा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. १०:३० दिसत असेल तर आपले चार वाजले. नव्या माणसाची हमखास चूक इथेच होते: चित्र सकाळचं समजून तो बंद करतो, किंवा उलट, तासभर शिळ्या चित्राला ताजं धरून चालतो. रडार अधूनमधून बंदही असतं, अशा वेळी जुनंच चित्र अडकून राहतं.

३. रंगांची पट्टी बाजूलाच असते, तिच्यावरचे आकडे डीबीझेडमध्ये, म्हणजे ढगातून रडारकडे परत येणारा प्रतिध्वनी किती जोरदार, त्याच्या मापात. २० ते ३० म्हणजे हलकी सर, ४० च्या पुढे जोरदार, ५० च्या पुढे असेल तर गारा धरून चाला. रंग पाठ करत बसू नका, आकडा बघा.

४. अर्ध्या तासाच्या अंतराची दोन चित्रं ताडून बघा. ढगाचा गाभा १५ किलोमीटर सरकला असेल तर वेग ताशी ३०. तो तुमच्या ओढ्याच्या उगमापासून २० किलोमीटरवर असेल तर हातात ४० मिनिटं. घरापासूनचं अंतर मोजू नका, उगमापासूनचं मोजा.

५. दोन्ही चित्रांत गाभा जागच्या जागी असेल तर जास्त सावध व्हा. पळणारं वादळ वारा आणि गारा देऊन निघून जातं. एकाच डोंगरावर ठाण मांडून बसलेलं, किंवा एक विरतोय तोवर त्याच जागी दुसरा ढग उभा करणारं वादळ पूर आणतं.

रडारलाही मर्यादा आहेत. त्याचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी वाकते, त्यामुळे १०० किलोमीटरवर तो जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवरून जात असतो. मुंबईच्या रडारला वाटेत सह्याद्री आडवा येतो. घाटाच्या पूर्वेला खाली काय चाललंय ते त्याला पूर्ण दिसेलच असं नाही. चित्र कोरं म्हणजे आभाळ कोरं, असं समजू नका.

विजेसाठी ‘दामिनी’ हे अ‍ॅप ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं ते केलं आहे. तुमच्या २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असली की ते कळवतं. पुरासाठीही त्याचा एक उपयोग होतो, जो फारसा कुणी करत नाही. नकाशात आपल्या ओढ्याच्या वरचा डोंगर शोधा आणि तिथे विजांचे ठिपके दाटतायत का पाहा. दाटत असतील तर पाणी निघालं समजा. ‘सचेत’ हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं अ‍ॅप. त्यात आपला जिल्हा निवडून ठेवा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन इशारे बंद केले असतील तर चालू करा, आणि मे-जूनमध्ये रात्री फोन पूर्ण मुका करून झोपू नका.

आभाळ काय सांगतं

डोंगरात रेंज गेली की सगळी अ‍ॅप निरुपयोगी. तिथे डोळे आणि कान. दुपारी अकरा-बाराच्या सुमारास पांढऱ्या ढगांचे गड्डे फुलकोबीसारखे वर वाढू लागले तर घड्याळ सुरू झालं. माथा पसरून लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट झाला की ढग पूर्ण वाढला. त्यानंतर वारं एकदम पडतं, झाडाचं पान हलत नाही, आणि मग अचानक ढगाच्या दिशेनं गार वाऱ्याचा झोत येतो. तो आला की पाऊस बहुतेक वेळा दहा ते वीस मिनिटांवर. फोटो काढत थांबायची ती वेळ नव्हे.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंद किंवा त्याहून कमी असेल तर पक्क्या घरात किंवा टपाच्या बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. एकटं झाड, पत्र्याची उघडी शेड, गडाचा बुरूज, पाण्याचा काठ या चारही जागा वाईट. मे अखेर आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात काजवे पाहायला भंडारदऱ्याकडे गर्दी लोटते. ही नेमकी वादळाची वेळ, वादळाची जागा आणि उभं राहायचं झाडाखाली. काजवे उद्याही असतात.

ओढ्याकाठी, कुंडात, घळीत

सह्याद्रीतली घळ म्हणजे नैसर्गिक नळी. अकोले तालुक्यात सामरदजवळची सांधण दरी हे उन्हाळ्यातलं लाडकं ठिकाण: दोन्ही बाजूंना शेकडो फुटांचे उभे कातळ, काही ठिकाणी जेमतेम दोन-चार माणसं शेजारी मावतील एवढी रुंदी. वर पठारावर पडलेल्या पावसाला खाली जायला हीच वाट. पुढे दोर लावून डेहण्याच्या बाजूला उतरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: पहिला टप्पा उतरलात की मागे फिरता येत नाही. म्हणून इशाऱ्यात ‘विजांच्या कडकडाटासह’ असेल त्या दिवशी घळीत उतरायचंच नाही. ‘लवकर निघू’ हा तोडगा इथे चालत नाही, कारण गर्दीत दोरापाशीच दोन-तीन तास जातात.

इतर ओढ्यांवर, कुंडांवर उतरण्याआधी पाच मिनिटांची पाहणी करा. ज्या काठाला गाडी किंवा गाव आहे त्याच काठाला थांबा. पलीकडे गेलात आणि पाणी वाढलं तर अडकलात. मधल्या खडकावर बसू नका. वर चढायची वाट आधी पाहून ठेवा, ती प्रवाहाच्या दिशेनं खाली नको, काटकोनात वर जाणारी हवी. तंबू पात्रातल्या वाळूवर टाकू नका. वाळू मऊ आणि सपाट आहे, कारण पाण्यानंच ती तिथे आणून टाकली आहे.

मग पाण्याच्या काठाला बरोबर टेकवून एक दगड ठेवा आणि दर दहा मिनिटांनी बघा. दगड चार बोटं बुडाला तर कारण शोधत बसू नका, उठा. याशिवायच्या खुणा: नितळ पाणी गढूळ होणं, काड्या-पानं-फेस एकदम वाढणं, ओल्या मातीचा वास, आणि वरच्या अंगाने ट्रक चढावर यावा तसा सलग घरघराट. पाणी अचानक कमी झालं तर ती सगळ्यात वाईट खूण. वर कुठेतरी ओंडक्यांनी, दरडीनं पाणी अडलंय आणि ते फुटणार आहे.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली माणसं प्रवाहाच्या मधोमध अडकली, एकमेकांना धरून उभी राहिली आणि त्यातले पाच जण वाहून गेले. आधी त्याच जागी बसण्याइतकं पाणी होतं. एकमेकांना धरून उभं राहिल्यानं प्रवाहाला अडायला जास्त अंग मिळतं. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. घोट्याच्या वर आलेलं, साधारण १५ सेंटिमीटर वेगवान पाणीही उभ्या माणसाला पाडू शकतं. अडकण्याच्या आधी बाहेर पडणं एवढाच उपाय त्यात चालतो. कुणी वाहून जाताना दिसलं तर मागे उडी टाकू नका. दोर, ओढणी, लांब काठी, रिकामं झाकणबंद कॅन टाका आणि ११२ लावा.

धरणाखालच्या नदीत पावसाशिवायही पाणी वाढतं. विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. भोंगा वाजला तर ‘कशाचा असेल’ हा प्रश्न काठावर चढून गेल्यावर विचारा.

फरशी पुलावर

ग्रामीण रस्त्यांवरचे फरशी पूल पुरात बुडणार हे धरूनच बांधलेले असतात. वाहनात मरण येतं ते बहुतेक इथे, आणि तेही ‘आत्ताच एक गाडी गेली’ या धीरावर.

हिशेब असा. लहान मोटारीचं वजन सुमारे हजार किलो, खालचा भाग चार मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद, म्हणजे ६.४ चौरस मीटर. पाणी गाडीच्या तळाला टेकल्यापासून दर दहा सेंटिमीटरला ६४० किलो उचल मिळते. तळ जमिनीपासून १७ सेंटिमीटरवर असेल तर पाणी साधारण ३३ सेंटिमीटर झालं की चाकांवर भारच उरत नाही. मग ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही, गाडी होडी झाली. साठ सेंटिमीटर वाहत्या पाण्यात मोठ्या गाड्याही जातात. दुचाकीला तर तरंगायचीही गरज नसते. बाजूनं आलेला रेटा चाकाला फरशीवरून खाली ढकलतो.

शिवाय पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की नाही हे दिसत नाही. लोंढा आधी भराव खातो, डांबराचा थर वर तसाच राहतो.

तेव्हा पुलाची कड, पांढरे दगड किंवा मैलखांब दिसत नसतील तर थांबा. पाणी वाहताना दिसत असेल तर खोली मोजायलाही उतरू नका. गाडी मागे, उंचावर नेऊन लावा. ओढ्याचा लोंढा बहुतेकदा दोन-चार तासांत ओसरतो. चहाची टपरी शोधा.

गाडी पाण्यात बंद पडलीच तर क्रम ठरलेला: पट्टा सोडा, काच खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा आणि स्वतः खिडकीतून टपावर या. दार उघडायचा प्रयत्न करू नका, बाहेरचा दाब ते उघडू देत नाही. काचेची बटणं सुरुवातीला चालतात, नंतर बंद पडतात, म्हणून काच हे फोनच्याही आधीचं काम. काच फोडावी लागली तर बाजूच्या खिडकीचा कोपरा फोडा, टणक टोकाने. पुढची काच थरांची असते, ती फुटत नाही. शहरातल्या भुयारी मार्गांनाही हेच नियम, फक्त तिथे पाणी वाहून जात नाही, साचत जातं.

तळमजला, तळघर, सीमाभिंत

ओढ्याकाठच्या घरात मे लागताच चार गोष्टी करून ठेवा: कागदपत्रं झाकणबंद पिशवीत वरच्या फळीवर, मेन स्विच घरात सगळ्यांना माहीत, विजेरी आणि चार्ज केलेली पॉवर बँक दाराशी, वरच्या मजल्यावरचं एक घर आधी बोलून ठेवलेलं. पाणी अंगणात आलं की मेन स्विच बंद करा. पाण्यात उभं राहून त्याला हात लावू नका. तो पाण्याखाली गेला असेल तर महावितरणचा १९१२.

तळघरातली गाडी वाचवायला खाली जाऊ नका. उताराचा रस्ता धबधबा होतो आणि लिफ्टचा खड्डा दिसत नाही. सीमाभिंतीपासूनही लांब राहा. ओढ्याच्या बाजूच्या भिंतीमागे पाणी साठत जातं आणि ती एकदम, अख्खी कोसळते. भिंतीच्या तळाची पाणी काढायची भोकं बुजलेली असतील तर आत्ताच सोसायटीच्या बैठकीत विषय काढा. तिथे लागेल तो संयम वेगळा.

नंबर: सर्वसाधारण आपत्कालीन ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१, मुंबई महापालिका १९१६. मोबाइलमध्ये नावासकट साठवा. ऐन वेळी आठवत नाहीत.

पाणी ओसरल्यावर

पहिला लोंढा गेला म्हणजे संपलं असं नाही. त्याच डोंगरावर दुसरं वादळ उभं राहू शकतं, आणि मुरायला जागा नसल्यानं दुसरं पाणी लवकर येतं. निघण्याआधी रडार पुन्हा पाहा. रस्त्यावर लोंबणारी तार मेलेली समजू नका. फरशी पुलावरून गाडी नेण्याआधी कुणीतरी चालत जाऊन कडा खचल्या नाहीत ना ते बघू द्या.

पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) धोका असतो. ताप यायची वाट न बघता दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा. पिण्याचं पाणी उकळून घ्या, टाकी पुरात बुडाली असेल तर उपसून, धुऊन मगच भरा.

बुडालेल्या गाडीला मात्र स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि पाणी शिरल्यावर गाडी मुद्दाम सुरू केल्यानं झालेलं इंजिनचं नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा धरत नाहीत. बॅटरीची तार काढा, पाण्याची रेघ दिसेल असे फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलूनच गॅरेजला न्या.